गुठळी टाळणाऱ्या औषधांच्या ट्रायल्स: निकालाच्या आधी मोजणी बघा

प्रश्न थोडक्यात असा: मी ऑर्थोचा दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट. जर्नल क्लबला (पेपर वाचून चर्चा करायच्या बैठकीला) रिव्हरॉक्साबॅन या गुठळी टाळणाऱ्या गोळीची रेकॉर्ड-१ ही ट्रायल मांडायची आहे. एमआरने (औषध कंपनीच्या प्रतिनिधीने) दिलेल्या पत्रकावर ‘७० टक्के घट’ असं ठळक छापलंय. आमचे सर म्हणतात, ॲस्पिरिन पुरे, बाकी सगळं कंपन्यांचं आहे. ट्रायल रँडमाइज्ड आहे (कोणाला कुठलं औषध हे सोडतीने ठरलं), डबल-ब्लाइंड आहे (ते पेशंटलाही आणि डॉक्टरलाही माहीत नव्हतं), मोठ्या जर्नलमध्ये आहे. मग दर्जा चांगलाच म्हणायचा ना? आणि याच विषयावर थिसिस घेता येईल का?

उत्तर:

ट्रायल चांगलीच आहे आणि पत्रकावरचा आकडाही खोटा नाही. तुमच्या सरांच्या संशयातही तथ्य आहे, फक्त त्यांनी बोट भलत्याच जागी ठेवलंय. कंपन्यांच्या मोठ्या ट्रायल्समध्ये रँडमायझेशन, ब्लाइंडिंग, मॉनिटरिंग हे सहसा नीट असतं, कारण पुढे फाइल नियामकांच्या टेबलावर जायची असते. तिथे ढेपाळतात त्या बहुधा आपल्यासारख्यांच्या कॉलेजांतल्या छोट्या ट्रायल्स. गुठळ्यांच्या बाबतीत खरी मेख दुसरीकडे आहे. गुठळी कशाला म्हटलं, ती कोणात शोधली आणि कोणात शोधलीच नाही, इथे सगळं ठरतं. म्हणून मी या विषयावरचा पेपर हातात घेतला की निकालाच्या तक्त्याकडे नंतर वळतो. आधी मेथड्समधली आउटकमची, म्हणजे मोजायच्या घटनेची, व्याख्या वाचतो, मग पेशंट कुठे कुठे गळाले तो फ्लो चार्ट.

रेकॉर्ड-१ वरच करून बघू. २००८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला पेपर. खुबा बदलल्यानंतर ३५ दिवस एका गटाला रिव्हरॉक्साबॅन १० मिग्रॅ गोळी, दुसऱ्याला एनॉक्सापॅरिन ४० मिग्रॅ इंजेक्शन. रँडमाइझ झाले ४,५४१. मुख्य निकाल आहे तो १,५९५ पैकी १८ विरुद्ध १,५५८ पैकी ५८, म्हणजे १.१ टक्के आणि ३.७ टक्के. त्यातूनच ते ७० टक्के निघाले. आता ते दोन छेद मिळवा. ३,१५३ होतात. उरलेले १,३८८ पेशंट कुठे गेले? बहुतेकांची वेनोग्राफी (शिरेत रंगद्रव्य सोडून काढलेला पायाचा एक्स-रे) झालीच नाही, किंवा झाली पण फिल्म वाचण्याजोगी निघाली नाही. सुजलेल्या पावलावर शीर शोधत बसण्याचा ज्याला अनुभव आहे त्याला याचं नवल वाटणार नाही. पण हिशोब बघा. दोन्ही गटांत मिळून ज्या घटनांवर निकाल उभा आहे त्या ७६, आणि ज्यांचं काय झालं ते मोजताच आलं नाही असे पेशंट त्याच्या अठरा पट. वर्गातली तीस टक्के मुलं परीक्षेलाच बसली नाहीत आणि शाळेने गेटवर निकालाचा फलक लावला, तर आपण जसे थबकू तसं इथे थबकायचं.

थबकायचं, पेपर फेकून द्यायचा नाही. गळती दोन्ही गटांत जवळपास सारखी होती आणि फिल्म वाचणाऱ्यांना कोणाला काय औषध होतं ते माहीत नव्हतं, त्यामुळे पारडं मुद्दाम एका बाजूला झुकलं असं म्हणता येत नाही. तरी संख्या सारखी म्हणजे पेशंट सारखे, असंही धरून चालायचं नाही. एका गटातले जखम पाझरते म्हणून वेनोग्राफीला नाही म्हणाले आणि दुसऱ्यातले कंटाळून घरी गेले, तर आकडा जुळेल पण अर्थ जुळणार नाही. म्हणून गळलेल्यांचं वय, वजन, शस्त्रक्रिया, रक्तस्राव हे उरलेल्यांशी ताडून दाखवलंय का, आणि गळलेल्यांबद्दल वेगवेगळी गृहीतं धरली तर निकाल टिकतो का, हे शोधा. ही खोड एका कंपनीचीही नाही. वेनोग्राफीवर उभ्या असलेल्या बहुतेक ट्रायल्समध्ये पाव ते तृतीयांश पेशंट असेच गळतात. मेडिसिनच्या, म्हणजे शस्त्रक्रियेविना दाखल झालेल्या, पेशंटांवरची १९९९ ची मेडेनॉक्स घ्या. १,१०२ रँडमाइझ झाले, मुख्य निकालात मोजले गेले ८६६.

मग इतका उपद्व्याप करून वेनोग्राफी करतातच कशाला? कारण बहुतेक गुठळ्या मुक्या असतात. औषध न देता खुबा बदलला तर वेनोग्राफीत निम्म्याच्या आसपास पेशंटांत गुठळी दिसते, पण पाय सुजून किंवा दम लागून येणारे थोडे, आणि पल्मनरी एम्बोलिझमने (गुठळी फुप्फुसात अडकून) जाणारे त्याहून कितीतरी थोडे. फक्त लक्षणांवर मोजायचं तर हजारो पेशंट आणि वर्षानुवर्षांचा खर्च. सगळ्यांचे पाय तपासले की घटना भराभर जमतात आणि ट्रायल आटोपशीर होते. १९७० च्या दशकात हेच काम किरणोत्सारी आयोडीन लावलेल्या फायब्रिनोजेन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाने करत. ते दात्यांच्या रक्तातून काढलेलं असे, त्यामुळे संसर्गाच्या भीतीने पुढे बंद पडलं. साधनं बदलली, युक्ती तीच राहिली.

या युक्तीची किंमत निकाल वाचताना मोजावी लागते. रेकॉर्ड-१ च्या मुख्य आउटकममध्ये लक्षणं नसलेली गुठळी, लक्षणं असलेली गुठळी, पल्मनरी एम्बोलिझम आणि कुठल्याही कारणाने आलेला मृत्यू हे सगळं एकाच टोपलीत आहे. टोपली उघडा. मृत्यू दोन्हीकडे चार-चार. लक्षणं असलेल्या गुठळ्या ०.३ टक्के विरुद्ध ०.५ टक्के, आणि तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठरत नाही. म्हणजे ७० टक्के घट झाली ती मुख्यतः अशा गुठळ्यांत, ज्या पेशंटला आपल्या पायात आहेत हे ठाऊकही नव्हतं.

इथे काही जण टोकाला जातात आणि म्हणतात, मग हे सगळं थोतांड. मला ते पटत नाही. पोटरीतली बारीक गुठळी आणि मांडीतली गुठळी एका मापाने मोजू नयेत हे खरं, पण याच पेपरात मोठ्या शिरांतल्या गुठळ्या, एम्बोलिझम आणि गुठळीने झालेले मृत्यू यांचा वेगळा आकडा दिलाय. ०.२ टक्के विरुद्ध २.० टक्के. तो मला वजनदार वाटतो. चारही रेकॉर्ड ट्रायल्स एकत्र केल्या तेव्हा लक्षणं असलेल्या गुठळ्या आणि मृत्यू मिळूनही कमीच दिसले. तेव्हा फायदा खरा आहे, पण पेशंटच्या मुलाला सांगायचा आकडा ७० टक्के नव्हे. या ट्रायलपुरतं बोलायचं तर लक्षणं देणाऱ्या गुठळ्या हजारात दोनेक कमी, एवढंच. अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्सची २००८ ची आणि २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वं शेजारी ठेवून वाचलीत तर हाच बदल दिसेल. २०१२ मध्ये त्यांनी मुक्या गुठळ्यांचं वजन उतरवलं आणि पेशंटला जाणवणाऱ्या घटनांवर शिफारशी बेतल्या, त्यामुळे आधीच्या ठाम शिफारशी बऱ्याच ठिकाणी मवाळ झाल्या.

आता रक्तस्राव. तुम्ही सर्जन, तेव्हा जर्नल क्लबमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. रेकॉर्डमध्ये ‘मेजर ब्लीडिंग’ची व्याख्या अशी बांधली होती की शस्त्रक्रियेच्या जखमेतून रक्त गेलं, हिमोग्लोबिन उतरलं, दोन पिशव्या चढवाव्या लागल्या, तरी जोवर पेशंट पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये गेला नाही किंवा जिवावर बेतलं नाही तोवर ते मेजरमध्ये धरत नव्हते. त्या मापाने रिव्हरॉक्साबॅन ०.३ टक्के, एनॉक्सापॅरिन ०.१ टक्के. आता २००७ ची लॅन्सेटमधली री-नोव्हेट उघडा. ती डॅबिगॅट्रान या दुसऱ्या गोळीची. तुलनेला तेच एनॉक्सापॅरिन, तोच ४० मिग्रॅ डोस, तीच आदल्या संध्याकाळी सुरुवात, तीच खुब्याची शस्त्रक्रिया, कालावधीही महिन्याभराचाच. तिथे जखमेतला रक्तस्राव मोजणीत धरला होता, आणि एनॉक्सापॅरिनचा मेजर ब्लीडिंगचा आकडा आला १.६ टक्के. एकच औषध, एकच ऑपरेशन आणि सोळा पट फरक. औषध तेच, बदलली ती मुख्यतः व्याख्या.

ऑर्थोपेडिक सर्जनला नेमकी भीती कशाची असते? पाझरणारी जखम, हिमॅटोमा, त्यातून इन्फेक्शन, मग इम्प्लांट काढायची वेळ. व्याख्येने नेमकं तेच बाहेर ठेवलं तर ‘रक्तस्रावात फरक नाही’ हे वाक्य कागदावर खरं आणि वॉर्डात निरुपयोगी. गुठळ्यांचंही तसंच. एनॉक्सापॅरिन गटात री-नोव्हेटमध्ये ६.७ टक्के, रेकॉर्ड-१ मध्ये ३.७. तेव्हा एमआर दोन वेगळ्या पेपरांतले आकडे शेजारी-शेजारी मांडून ‘आमचं त्यांच्यापेक्षा सरस’ म्हणाला तर चहा प्या आणि विषय बदला.

तुलनेचं औषध कसं दिलं हेही बघावं लागतं. रेकॉर्ड-२ मध्ये रिव्हरॉक्साबॅन ३१ ते ३९ दिवस दिलं आणि एनॉक्सापॅरिन १० ते १४ दिवस, पुढे प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण औषध नसलेली मात्रा. निकाल २.० विरुद्ध ९.३ टक्के, दिसायला झगझगीत. पण हा सामना दोन औषधांचा नाहीच, महिनाभराचं औषध आणि दोन आठवड्यांचं औषध यांचा आहे. प्रश्न म्हणून तो योग्य, पण पत्रकावर येतो तेव्हा दिवसांचा उल्लेख तळटीपेत जातो. आणि रेकॉर्ड-४ बद्दल एवढंच: अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, केंद्रांची तपासणी केली आणि त्या ट्रायलचा डेटा भरवशाचा धरला नाही. छापील पेपर वाचून हे कोणालाही कळलं नसतं. नियामकांची परीक्षणं इंटरनेटवर खुली असतात, कंटाळवाणी असतात, पण वाचण्याजोगी असतात.

आता सरांच्या ॲस्पिरिनकडे. ‘कंपनीचं नाही’ म्हणजे ‘निर्दोष’ असं नसतं, हे त्यांना जपून सांगावं लागेल.

ॲस्पिरिनच्या बाजूने हमखास पुढे केली जाते ती २०१८ ची कॅनडातली एपकॅट-२. ३,४२४ पेशंट, मोजल्या त्या लक्षणं असलेल्या गुठळ्या, निकाल ॲस्पिरिनवर ०.६४ टक्के, रिव्हरॉक्साबॅनच चालू ठेवलेल्यांत ०.७०. सुंदर ट्रायल. पण दोन्ही गटांना पहिले पाच दिवस रिव्हरॉक्साबॅनच दिलं होतं, ॲस्पिरिन सुरू झालं त्यानंतर. ‘पहिल्या दिवसापासून नुसतं ॲस्पिरिन’ हा अर्थ त्यातून निघत नाही, आणि परिषदांमध्ये तो सर्रास काढला जातो.

पहिल्या दिवसापासून ॲस्पिरिनची परीक्षा घेतली ती ऑस्ट्रेलियातल्या क्रिस्टलने, २०२२ मध्ये. तिची रचना मला आवडते. पेशंट नव्हे, हॉस्पिटलं रँडमाइझ केली. आधी एक औषध सगळ्यांना, मग दुसरं. नोंदी राष्ट्रीय जॉइंट रजिस्ट्रीतून, त्यामुळे खर्च कमी आणि पेशंट रोजच्या व्यवहारातले. ९० दिवसांत लक्षणं असलेल्या गुठळ्या ॲस्पिरिनवर ३.४५ टक्के, एनॉक्सापॅरिनवर १.८२. ॲस्पिरिन हरलं. पण खोलात जा. ठरवले होते १५,५६२ पेशंट, ट्रायल मध्येच थांबवली तेव्हा ९,७११ झाले होते. ३१ हॉस्पिटलांपैकी १६ च दुसऱ्या औषधावर जाऊ शकली, त्यामुळे अदलाबदलीचा जो मूळ फायदा तो अर्धाच मिळाला. शिवाय ब्लाइंडिंग नाही. पेशंट ॲस्पिरिनवर आहे हे माहीत असलेला डॉक्टर पोटरी दुखली म्हटल्यावर डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी) जरा लवकर लिहितो, आणि या ट्रायलमधला मोठा वाटा गुडघ्याखालच्या गुठळ्यांचाच होता. फरक खरा असेल, पण कदाचित दिसतो तेवढा नसेल, असं माझं मत.

तिसरी, २०२३ ची प्रिव्हेंट क्लॉट. अमेरिका आणि कॅनडाची ट्रॉमा सेंटर्स, फ्रॅक्चरचे १२,२११ पेशंट. मुख्य आउटकम थेट मृत्यू. ९० दिवसांत ॲस्पिरिन ०.७८ टक्के, एनॉक्सापॅरिन ०.७३. मृत्यूची व्याख्या करावी लागत नाही, वेनोग्राफी लागत नाही, ब्लाइंडिंग नसलं तरी मोजणीत गडबड होत नाही. म्हणूनच मला हे आउटकम प्रिय आहे. मात्र ‘नॉन-इन्फिरिऑरिटी’ची (एक औषध दुसऱ्यापेक्षा फार वाईट नाही हे दाखवण्याची) सीमा आखली होती ०.७५ टक्के बिंदूंची. प्रत्यक्ष मृत्यूचं प्रमाणच ०.७३ निघालं, म्हणजे ॲस्पिरिनवर मृत्यूचा खरा धोका जवळपास दुप्पट असण्याची शक्यता उरली असती तरी ते ‘निकृष्ट नाही’ ठरायला वाव होता. सुदैवाने विश्वासमर्यादेचं (खरा फरक ज्या पट्ट्यात असू शकतो त्याचं) वरचं टोक ०.३८ वर थांबलं, त्यामुळे निष्कर्ष टिकतो. मात्र याच ट्रायलमध्ये पायातल्या गुठळ्या ॲस्पिरिनवर जास्त होत्या, २.५१ विरुद्ध १.७१ टक्के. सरांनी दोन्ही आकडे सांगितले पाहिजेत.

याच्या उलट चूकही होते. ॲपिक्साबॅन या आणखी एका गोळीच्या ॲडव्हान्स-१ मध्ये एनॉक्सापॅरिनशी तुलनेत ९.० विरुद्ध ८.८ टक्के इतके जवळचे आकडे येऊनही नॉन-इन्फिरिऑरिटी सिद्ध झाली नाही, कारण एकूण घटना अपेक्षेपेक्षा कमी झाल्या आणि विश्वासमर्यादा रुंद राहिली. ‘सिद्ध झालं नाही’ याचा अर्थ ‘औषध वाईट’ असा जर्नल क्लबमध्ये कोणीतरी लावणारच.

ब्लाइंडिंग शक्यच नसतं तिथे काय करावं, याचा नमुना म्हणून मी रेसिडेंटांना क्लॉट्स-१ वाचायला लावतो. २००९, लॅन्सेट. स्ट्रोकच्या २,५१८ पेशंटांना मांडीपर्यंतचे घट्ट स्टॉकिंग्ज घालायचे की नाही. मोजे लपवता येत नाहीत, म्हणून पायाचा डॉप्लर करणाऱ्याला कोण कुठल्या गटातला ते कळू न देण्याची तजवीज केली. मोठ्या शिरांतल्या गुठळ्या १०.० विरुद्ध १०.५ टक्के, म्हणजे फायदा नाही. त्वचा फाटणं, फोड, व्रण मात्र ५ टक्के विरुद्ध १ टक्का. त्याआधी कित्येक स्ट्रोक वॉर्डांत हे मोजे डोळे मिटून घातले जात होते. त्याच गटाने २०१३ मध्ये हवा भरून पाय दाबणाऱ्या पंपाची ट्रायल केली, तिथे ८.५ विरुद्ध १२.१ असा फायदा दिसला. आधीचा नकार इतक्या काटेकोरपणे मांडलेला, म्हणून नंतरच्या होकारावरही माझा विश्वास बसला.

मृत्यू मोजला की चित्र कसं पालटतं ते मेडिसिनच्या पेशंटांत दिसतं. मेडेनॉक्समध्ये एनॉक्सापॅरिन ४० मिग्रॅने गुठळ्या १४.९ वरून ५.५ टक्क्यांवर आल्या. २०११ च्या लाइफेनॉक्समध्ये तोच डोस विरुद्ध प्लासिबो, ८,३०७ पेशंट, दोन्ही गटांना स्टॉकिंग्ज, आणि ३० दिवसांतले मृत्यू ४.९ विरुद्ध ४.८ टक्के. फरक शून्य. ही ट्रायल आपल्याला जवळची, कारण चीन, कोरिया, मलेशिया, मेक्सिको, फिलिपिन्स, ट्युनिशियाबरोबर भारतातली केंद्रंही तिच्यात होती. दोन्ही खऱ्या आहेत. आजारी पेशंट न्यूमोनियाने, हार्ट फेल्युअरने, सेप्सिसने जातात. गुठळीचा वाटा त्यात लहान, तो कमी झाला तरी एकूण बेरजेत उमटत नाही. लाइफेनॉक्सवरून इंजेक्शन बंद करायला निघालेले आणि मेडेनॉक्सवरून वॉर्डातल्या प्रत्येकाला टोचणारे, दोघेही अर्धाच पेपर वाचतात.

थिसिसबद्दल. तुमच्या मनात बहुधा ‘ॲस्पिरिन विरुद्ध एनॉक्सापॅरिन, प्रत्येकी ५० पेशंट, दहाव्या दिवशी डॉप्लर’ असं काहीतरी असणार. नका करू. लक्षणं असलेल्या गुठळ्या २ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आल्या हे दाखवायला, नेहमीची ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता) धरली तरी प्रत्येक गटात २,३०० च्या आसपास पेशंट लागतात. पन्नासात एक-दोन घटना होतील किंवा होणारच नाहीत, आणि शेवटी ‘दोन्ही औषधं सारखीच’ असं लिहून मोकळे व्हाल, जे तुमच्या डेटातून निघतच नाही. लक्षणं नसलेल्या पोटरीत डॉप्लर बऱ्याच गुठळ्या चुकवतो, ते वेगळंच. गाईडने तरीही ट्रायलच करा असा आग्रह धरला तर सम तारखेला एक औषध आणि विषम तारखेला दुसरं असली वाटणी करू नका. पुढचं औषध कोणतं हे आधी कळलं की पेशंट निवडला जातो, मुद्दाम नाही, नकळत. वाटणीची यादी तुमच्या हातात नसलेल्या माणसाकडे ठेवा. सीटीआरआयवरची (भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीतली) नोंद पहिला पेशंट घेण्याआधीच करावी लागते, २०१८ पासून मागाहून केलेली नोंद तिथे चालत नाही.

माझा सल्ला, ऑडिट घ्या. तुमच्या युनिटमध्ये खुबा, गुडघा आणि फ्रॅक्चर फीमरच्या किती पेशंटांचा गुठळीचा धोका ॲडमिशनलाच लिहिला गेला, किती जणांना औषध मिळालं, पहिला डोस नेमका किती वाजता टोचला, आणि स्पायनल भुलीच्या आधी शेवटच्या एनॉक्सापॅरिननंतरचे बारा तास पाळले गेले का. डिस्चार्जनंतर औषध किती दिवस चालू राहिलं ते फोन करून विचारा, ९० व्या दिवशी पुन्हा एकदा फोन करा. पाय दाबणारा पंप कागदावर रोज लिहिलेला असतो. तो प्रत्यक्षात किती तास चालतो हे वेगवेगळ्या वेळी वॉर्डात जाऊन बघा. याला ब्लाइंडिंग लागत नाही, पण जाताना सिस्टरांना आधी सांगून जाऊ नका.